कापणी यंत्राची निवड : नाममुद्रेपलीकडचे अर्थशास्त्र

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हटले की उड्डाणपूल, मेट्रो आणि उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात दिल्लीबरोबरच हरियाणातील चौदा व उत्तर प्रदेशातील आठ जिल्हे, तसेच राजस्थानचा काही भाग या क्षेत्रात मोडतो आणि त्याचा फार मोठा हिस्सा आजही शेतीखाली आहे. कर्नाल, पानिपत, सोनिपत, जिंद या जिल्ह्यांत भात व गव्हाचे पीकचक्र आहे, तर यमुनेपलीकडे मेरठ, बागपत, मुझफ्फरनगर हा उसाचा पट्टा आहे. एप्रिल महिन्यात कर्नालच्या परिसरात रस्त्यावरून संथपणे जाणारी कंबाईन हार्वेस्टर यंत्रे हे नेहमीचे दृश्य असते. कापणी, मळणी आणि उफणणी ही तीनही कामे एकाच फेरीत उरकणारे हे यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यापारी स्वरूपाचा वाटतो. मात्र त्याची उकल करताना स्थिर व बदलता खर्च, भांडवलाची अविभाज्यता, माहितीची विषमता, मालक व अभिकर्ता यांच्या हितसंबंधांतील तफावत आणि बाह्यता या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमातील बहुतेक महत्त्वाच्या संकल्पना एकापाठोपाठ एक समोर येतात. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना कृषी यांत्रिकीकरणाचा विषय समजून घेण्यासाठी म्हणूनच हे उदाहरण उपयुक्त ठरते.

बाजारपेठेचे स्वरूप

सोव्हिएत संघाकडून भेट मिळालेल्या यंत्रसामग्रीच्या साहाय्याने १९५६ मध्ये राजस्थानातील सुरतगड येथे केंद्रीय यांत्रिक शेतीक्षेत्राची स्थापना झाली. मोठ्या क्षेत्रावरील यांत्रिक शेतीचा तो आरंभीचा प्रयोग होता. सर्वसामान्य शेतकऱ्यापर्यंत कंबाईन पोहोचले ते हरितक्रांतीनंतर. पंजाब ट्रॅक्टर्स लिमिटेड या कंपनीने १९८० मध्ये ‘स्वराज ८१००’ हे स्वयंचलित कंबाईन बाजारात आणले. ही कंपनी २००७ मध्ये महिंद्र समूहाकडे गेली. दरम्यानच्या काळात पंजाबातील नाभा येथे प्रीत, भादसों येथे करतार, मालेरकोटला येथे दशमेश, तर बर्नाला परिसरात स्टँडर्ड अशा स्थानिक कंपन्या उभ्या राहिल्या. एकाच प्रकारचा माल बनविणारे कारखाने, सुटे भाग घडविणाऱ्या कार्यशाळा आणि कुशल कारागीर हे सर्व एका टापूत एकवटले. आल्फ्रेड मार्शल यांनी वर्णिलेल्या औद्योगिक समूहाचे यापेक्षा बोलके भारतीय उदाहरण शोधावयास फार दूर जावे लागेल. या कंपन्यांच्या सुमारे १४ फूट रुंद कापणीपट्ट्याच्या यंत्रांची मूळ रचना बरीचशी सारखी आहे. अनेक प्रतिमानांत मालमोटारींसाठी प्रचलित असलेल्या अशोक लेलँडचे इंजिन बसविलेले असते. परिणामी यंत्र मध्य प्रदेशात बंद पडले तरी ते दुरुस्त करू शकणारा मिस्त्री जवळच्या महामार्गावर सापडतो.

दुसरा प्रवाह परकीय तंत्रज्ञानाचा आहे. दिल्लीला लागून असलेल्या फरिदाबादमध्ये एस्कॉर्ट्स आणि जर्मनीची क्लास या कंपन्यांनी १९९० च्या दशकात संयुक्त उपक्रम उभारून ‘क्रॉप टायगर’ या यंत्राचे उत्पादन सुरू केले. पुढे क्लासने हा उपक्रम पूर्णपणे आपल्याकडे घेतला व उत्पादन पंजाबातील मोरिंडा येथे हलविले. २०२४ मध्ये क्लासचा भारतीय व्यवसाय घेत असल्याचे यानमार या जपानी समूहाने जाहीर केले. जॉन डिअरची कंबाईन पंजाबातील सरहिंद येथे तयार होतात. फरिदाबादची एस्कॉर्ट्स २०२२ मध्ये ‘एस्कॉर्ट्स कुबोटा’ झाली. कुबोटाची रबरी पट्ट्यांवर चालणारी हलकी यंत्रे ओलसर भातखाचरांत रुतत नाहीत, हे त्यांचे वैशिष्ट्य. याखेरीज ट्रॅक्टरवर बसविता येणारी कंबाईनही मिळतात. त्यांत इंजिनाचा खर्च वाचतो, पण हंगामात तो ट्रॅक्टर अन्य कामासाठी उपलब्ध राहत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हा संधी-खर्च होय.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कापणी व मळणीच्या यंत्रांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. ही सवलत सर्वच नाममुद्रांना समान लागू असल्याने त्यांच्यातील निवडीचा प्रश्न मात्र आहे तसाच राहतो.

स्वतःच्या शेतासाठी कंबाईन?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातील सरासरी वहितीधारणा १.०८ हेक्टर आहे आणि सुमारे ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. ट्रॅक्टर वर्षभर काही ना काही कामाला येतो. कंबाईन मात्र वर्षातील मोजके दिवस चालते आणि उरलेला काळ छपराखाली उभे राहते. असे भांडवल अविभाज्य असते. पंधरा एकरांच्या शेतकऱ्याला पंधरा एकरांपुरते कंबाईन विकत मिळत नाही.

हा मुद्दा आकड्यांनी स्पष्ट करता येईल. पुढील सर्व आकडे केवळ गणितासाठी गृहीत धरलेले आहेत. समजा, ‘क’ या यंत्राची किंमत २४ लाख रुपये आहे आणि आठ वर्षांनंतर ते ४ लाखांना विकले जाईल. सरळ रेषा पद्धतीने वार्षिक घसारा अडीच लाख रुपये होतो. गुंतलेल्या सरासरी भांडवलावर, म्हणजे १४ लाखांवर, १० टक्के दराने व्याज १ लाख ४० हजार. विमा, निवारा इत्यादींसाठी ३० हजार धरल्यास एकूण स्थिर खर्च वर्षाला ४ लाख २० हजार रुपये होतो. डिझेल, चालक व मदतनीस यांची मजुरी आणि दुरुस्ती मिळून बदलता खर्च एकरी १,१०० रुपये मानू. पंधरा एकरांचा शेतकरी गहू व भात अशी वर्षाला तीस एकर कापणी करील. त्याच्यासाठी स्थिर खर्चच एकरी १४,००० रुपये पडतो आणि एकूण खर्च १५,१०० रुपये. भाड्याचे यंत्र एकरी १,९०० रुपयांत उपलब्ध असेल, तर स्वमालकीचा विचार इथेच संपतो.

तेव्हा यंत्र विकत घेणारा हा व्यवहारतः भाड्याने सेवा देणारा उद्योजक असतो. भाड्यातून एकरी ८०० रुपये शिल्लक राहत असतील, तर ४ लाख २० हजारांचा स्थिर खर्च भागण्यासाठी ५२५ एकर कापणी आवश्यक आहे. हा त्याचा ना-नफा-ना-तोटा बिंदू होय.

आता ‘ख’ हे दुसरे यंत्र पाहू. त्याची किंमत ३० लाख आहे, पण नावलौकिकामुळे आठ वर्षांनंतरही ८ लाख मिळतील अशी अपेक्षा आहे. घसारा २ लाख ७५ हजार, व्याज १ लाख ९० हजार आणि इतर ३५ हजार असा स्थिर खर्च ५ लाख होतो. इंधन व दुरुस्ती कमी लागत असल्याने बदलता खर्च एकरी ९५० रुपये, म्हणजे शिल्लक ९५० रुपये. याचा ना-नफा-ना-तोटा बिंदू सुमारे ५२६ एकर येतो. दोन्ही यंत्रांचा बिंदू जवळपास सारखाच. पण म्हणून ती सारखी नाहीत. ४०० एकरच काम मिळाले तर ‘क’ला १ लाखाचा आणि ‘ख’ला १ लाख २० हजारांचा तोटा होतो. ८०० एकर मिळाले तर ‘क’चा नफा २ लाख २० हजार आणि ‘ख’चा २ लाख ६० हजार. ज्याच्याकडे काम खात्रीचे आहे त्याने महाग यंत्र घ्यावे, ज्याच्याकडे नाही त्याने स्वस्त. यंत्र चांगले की वाईट, याचे उत्तर यंत्राइतकेच घेणाऱ्याच्या परिस्थितीवर अवलंबून असते. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ही गोष्ट सहसा आढळत नाही.

हंगाम, प्रवास आणि सुटे भाग

कर्नालसारख्या ठिकाणी गव्हाच्या कापणीचा मुख्य काळ दोन-अडीच आठवड्यांचा असतो. सकाळी दव असेपर्यंत यंत्र चालत नाही. पाऊस आला की दोन दिवस जातात. गव्हात दिवसाला २५ एकर आणि संथ चालणाऱ्या भातकापणीत १५ एकर, असे प्रत्येकी पंधरा दिवस काम मिळाले, असे मानले तर वर्षाचे ६०० एकर होतात. एवढ्यावर ‘क’चा नफा ६० हजार आणि ‘ख’चा ७० हजार रुपये. चोवीस किंवा तीस लाख गुंतवून, कुटुंबातील एक माणूस त्यामागे अडकवून हाती येणारी ही रक्कम तुटपुंजीच म्हणावी लागेल. म्हणूनच यंत्रे प्रवासाला निघतात. गहू दक्षिणेकडून उत्तरेकडे पक्व होत जातो. मार्चमध्ये मध्य प्रदेश, एप्रिलमध्ये हरियाणा व पंजाब, असा त्यांचा क्रम असतो. सोयाबीन व गव्हाच्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील गावांत दिसणारी पंजाबी क्रमांकाची यंत्रे याच गणिताने तेथवर येतात. मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागू झाली असतानाही केंद्र सरकारने कापणी यंत्रांच्या आंतरराज्य वाहतुकीस मुभा दिली, त्याचे कारण हेच. राज्यांच्या सीमा बंद राहिल्या असत्या तर उत्तरेतील गहू वेळेवर कापला जाणे कठीण होते.

प्रवासामुळे निवडीचा आणखी एक निकष पुढे येतो. हंगामात यंत्र एक दिवस बंद राहिले तर ‘ख’च्या मालकाची २५ एकरांवरील, म्हणजे २३,७५० रुपयांची शिल्लक बुडते. सुटा भाग येण्यास दोन दिवस लागले तर ४७,५०० रुपये. आठशे एकरांवर ‘ख’ला ‘क’पेक्षा मिळणारा जादा नफा ४० हजार होता, हे येथे आठवावे. दोन दिवसांच्या खोळंब्यात तो सर्व संपतो. कार्यक्षम इंजिन, कमी इंधन, उत्तम बांधणी हे गुण खरे. परंतु वितरक किती अंतरावर आहे, तो हंगामात रात्री दुकान उघडतो का आणि गावातील मिस्त्रीला ते यंत्र उघडता येते का, हे प्रश्न त्यांच्या बरोबरीचे ठरतात. तांत्रिकदृष्ट्या अधिक प्रगत यंत्रे उपलब्ध असतानाही उत्तर भारतात पंजाबी बनावटीच्या यंत्रांनी आपले स्थान टिकविले आहे. त्याला शेतकऱ्यांचा जुनाटपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

नाममुद्रा आणि माहिती

यंत्राची खरी गुणवत्ता दोन-तीन हंगामांनंतरच कळते. खरेदीच्या वेळी विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन या माहितीच्या विषमतेचे विश्लेषण केले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या कंबाईनचा बाजार याहून वेगळा नाही. रंग नवा, पट्टे नवे. आतील ड्रम किती झिजला आहे ते कोणी सांगत नाही. अशा बाजारात नाममुद्रा ही गुणवत्तेची अप्रत्यक्ष हमी ठरते आणि जुन्या यंत्राला मिळणारी किंमत हा त्या हमीचा मापदंड. वरच्या उदाहरणात ‘ख’ची पुनर्विक्री किंमत ८ ऐवजी ४ लाखच मिळाली, तर त्याचा स्थिर खर्च ५ लाख ३० हजारांवर जातो आणि आठशे एकरांवरील त्याची आघाडी ४० हजारांवरून १० हजारांवर येते. नावाची किंमत ही अशी मोजता येते.

या विषमतेवरील सार्वजनिक उपाय म्हणजे शासकीय चाचणी. मध्य प्रदेशातील बुदनी व हरियाणातील हिसार येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थांमध्ये यंत्रांची तपासणी होते. इंधनाचा वापर, दाण्यांची गळती, फुटीचे प्रमाण यांची नोंद चाचणी अहवालात असते. हे अहवाल म्हणजे सार्वजनिक वस्तूच. एकाने वाचल्याने दुसऱ्यासाठी ते कमी होत नाहीत. खरेदीदार त्यांकडे फारसे वळत नाहीत आणि शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबतात. मात्र शेजाऱ्याचा अनुभव अगदीच त्याज्य नव्हे. चाचणी नव्या यंत्राची असते, शेजाऱ्याचे यंत्र पाच हंगाम चाललेले असते.

भाडेकरू शेतकऱ्याची निवड

ज्याला यंत्र विकत घ्यायचे नाही, त्यालाही निवड करावीच लागते. एकरी भाव ठरला की चालकाचे हित वेग वाढविण्यात असते. वेग वाढला की मळणीच्या ड्रमवर व चाळण्यांवर भार येतो आणि दाणे काडाबरोबर मागे पडतात. शेतकऱ्याचे हित दाणे वाचविण्यात आहे. काम सोपविणारा आणि काम करणारा यांच्या हितसंबंधांतील या तफावतीला अर्थशास्त्रात मालक-अभिकर्ता समस्या म्हणतात. ताशी दर ठरविला तर उलट घडते, चालक रेंगाळतो.

येथे किती पणाला लागले आहे ते पाहावे. एकरी २० क्विंटल गहू पिकत असेल आणि गळती एका टक्क्याने वाढली, तर २० किलो दाणे शेतात राहतात. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४२५ रुपये होती. त्या भावाने नुकसान एकरी ४८५ रुपये होते. शंभर रुपये स्वस्त मिळालेले यंत्र म्हणून प्रत्यक्षात महाग पडू शकते. सरावलेला चालक पिकातील ओलावा पाहून ड्रमचा वेग व चाळण्यांची फट दुपारपर्यंत दोन-तीनदा बदलतो. मालकाच्या यंत्राची नाममुद्रा कोणतीही असो, शेतकऱ्याच्या पदरात पडणारे धान्य बव्हंशी या चालकाच्या हातात असते. यांत्रिकीकरणावरील चर्चेत यंत्रांना मिळणाऱ्या अनुदानाच्या तुलनेत चालकांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख अगदी त्रोटक असतो, ही उणीव आहे.

पीक बदलले की उत्तरही बदलते. बासमतीचा दाणा लांब व नाजूक; तो तुटला की भाव घसरतो. शिवाय हाताने कापलेल्या बासमतीचा पेंढा जनावरांना चारा म्हणून वापरता येतो. त्यामुळे हरियाणाच्या बासमती पट्ट्यात मजूर मिळतील तेथे हातकापणी अद्याप टिकून आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात ऊस तुटल्यानंतर पेरलेला गहू उशिरा येतो, क्षेत्र तुकड्यांचे असते आणि दुभत्या जनावरांमुळे भुशाला मोल असते. तेथे कंबाईनऐवजी कापणी करून मळणी यंत्रावर मळणी करणे अनेकांना परवडते. महाराष्ट्रात भंडारा-गोंदियाच्या ओल्या बांध्यांत चाकांच्या जड यंत्रापेक्षा पट्ट्यांवरील हलके यंत्र सोयीचे.

मागे राहणारा पेंढा

भातकापणीनंतर कंबाईन शेतात उभी धसकटे आणि मोकळ्या पेंढ्याच्या ओळी सोडून जाते. भाताच्या पेंढ्यात सिलिकाचे प्रमाण अधिक असल्याने उत्तरेत तो चारा म्हणून फारसा वापरला जात नाही. भूजल वाचविण्यासाठी पंजाब व हरियाणाने २००९ मध्ये केलेल्या कायद्यांनी भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. पाण्याच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. परंतु त्यामुळे कापणी ऑक्टोबरमध्ये सरकली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. याच सुमारास वारा मंदावतो आणि पेंढ्याचा धूर दिल्लीवर साचतो. दिल्लीच्या हवेला वाहने, उद्योग, बांधकामाची धूळ हे वर्षभराचे कारणही आहेच. पेंढ्याचा वाटा मोसमी, पण त्या काही दिवसांत मोठा असतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये पेंढा जाळण्यास बंदी घातली. राजधानी क्षेत्र व लगतच्या भागांतील हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला २०२१ मध्ये कायद्याचे अधिष्ठान मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्यावरण भरपाईची रक्कम दुप्पट करण्यात आली : दोन एकरांपेक्षा कमी जमीन असल्यास ५ हजार, दोन ते पाच एकरांपर्यंत १० हजार व त्यापुढे ३० हजार रुपये.

पेंढा बारीक करून शेतभर पसरविणारी ‘सुपर एसएमएस’ ही जोडणी कंबाईनच्या मागे बसविता येते. पंजाबने २०१८ मध्ये ती सक्तीची केली. तिच्यामुळे हॅपी सीडरने थेट गहू पेरणे सुलभ होते. केंद्र सरकारने २०१८-१९ पासून पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व दिल्लीसाठी राबविलेल्या योजनेत अशा अवजारांवर वैयक्तिक शेतकऱ्याला ५० टक्के आणि सहकारी संस्था व अवजारे सेवा केंद्रांना ८० टक्के अर्थसाह्य ठेवले. पहिल्या दोन वर्षांसाठी १,१५१.८० कोटी रुपयांची तरतूद होती.

हे साह्य प्रामुख्याने खरेदीच्या किमतीवर आहे, चालविण्याच्या खर्चावर नाही. जोडणी चालू ठेवली की इंजिनावर भार पडतो, डिझेल अधिक लागते आणि वेग मंदावतो. आपल्या उदाहरणात त्यापायी भाताला एकरी २०० रुपये जादा लागतात असे धरू. २२५ एकरांवर ते ४५ हजार होतात. स्थानिक पातळीवरच काम करणाऱ्या ‘क’च्या मालकाचा वर्षाचा एकूण नफा ६० हजार होता. जोडणी बसविलेली असूनही ती बंद ठेवून कापणी करण्याचा मोह का होतो, ते या दोन आकड्यांवरून उमगते. खर्च यंत्रमालकाचा, काही लाभ पुढील पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचा आणि बराचसा लाभ शंभर किलोमीटरवर श्वास घेणाऱ्या नागरिकाचा. आर्थर पिगू यांच्या विवेचनातील बाह्यतेचे हे स्वच्छ उदाहरण आहे आणि पिगूंचा उपाय येथे दंड व अनुदान या दोन्ही रूपांत वापरला गेला आहे. दंड मात्र आकारला जातो तो जमीनधारकावर. पेंढा कोणत्या स्थितीत मागे राहील हे ठरविणारा यंत्रमालक तोवर पुढच्या गावी गेलेला असतो. काही शेतकरी यावर आपापल्या परीने मार्ग काढतात : जोडणी चालवून कापणी केल्यास एकरी जादा रक्कम, न चालविल्यास भाड्यात कपात, असा सौदा यंत्र बांधावर उभे असतानाच ते पक्का करून घेतात.